पूर्वजांचे शेजारी

राजेरजवाड्यांचे वंशवृक्ष भाट सांभाळतात, सरदारांचे सनदांतून आणि इनामपत्रांतून आपोआप लिहिले जातात, आणि ज्यांच्यापाशी चार बिघे जमीन आहे त्यांची नावे निदान भाऊबंदकीच्या दाव्यांमुळे तरी कोर्टाच्या दप्तरात टिकून राहतात. परंतु ज्याच्यापाशी ना सनद, ना जमीन, ना भावाशी भांडण्याजोगे काही, अशा माणसाचे नाव कागदावर चढते ते सरकारास त्याच्याशी काही कर्तव्य उत्पन्न झाले म्हणजेच. त्याचे डोके मोजावयाचे असते, त्याच्याकडून पट्टी वसूल करावयाची असते, त्याला पलटणीत भरती करावयाचे असते, किंवा आल्या वाटेने परत धाडावयाचे असते. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड सोडून इंग्लंडात येऊन राहिलेल्या लक्षावधी निर्धन माणसांचा माग काढू पाहणाऱ्याला या गोष्टीचा प्रत्यय पदोपदी येतो. त्या माणसांची मुले इंग्रजी शहरांत वाढली, नातवंडांच्या बोलण्यातला हेल बदलला, पणतवंडांना गावाचे नावही उरले नाही. आणि आता खापरपणतवंडे निवृत्तीच्या निवांतपणात दप्तरखान्यांतून येऊन बसतात, आणि विसरलेल्या त्या नावासाठी जुनी बाडे चाळू लागतात.

मी या उद्योगात पडलो तो पुण्याच्या नावामुळे. लिव्हरपूलमध्ये आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. आयुष्यभर इस्पितळात परिचारिकेचे काम करून आता एकट्या असतात. त्यांच्या आईच्या घराण्यात एवढीच आठवण शिल्लक होती की, आपले मूळ आयर्लंडातले, आणि आपला कोणी एक आप्त शिपाई होऊन 'पूना' नावाच्या गावी वारला. पूना म्हणजे पुणे हे बाईंना ठाऊक होते, आणि मी पुण्याचा हेही. तेवढ्या भांडवलावर त्यांनी मला आपल्या शोधात भागीदार करून घेतले. मला वंशावळीचा शौक कधीच नव्हता. पण एखाद्या बाडात बोट फिरवीत बसलेल्या माणसाशेजारी आपण तासभर बसलो, की आपलेही बोट नकळत त्या ओळींवरून फिरू लागते.

१८४५ च्या शरदात आयर्लंडातील बटाट्यावर करपा पडला, आणि पुढील काही वर्षे पडतच राहिला. ज्या देशातील गोरगरिबांचे सारे जीवित त्या एका कंदावर अवलंबून होते, तेथे याचा अर्थ काय झाला हे खानेसुमारीचे आकडेच सांगतात: १८४१ मध्ये ऐंशी लाखांच्या वर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, आणि त्याहून अधिक देशोधडीस लागली. पाव एकराहून अधिक जमीन जो धरून बसेल त्याला सरकारी मदत मिळणार नाही असा निर्बंध १८४७ च्या कायद्याने घातला. तेव्हा जमीन सोडावी तर घर जाते आणि न सोडावी तर प्राण जातो, अशा पेचात सापडलेल्या कुळांनी जमीन सोडली. ज्यांच्या गाठीला बरे पैसे होते ते अमेरिकेच्या जहाजावर चढले. ज्यांच्यापाशी चार-दोन शिलिंगच होते त्यांना आयरिश समुद्र ओलांडण्यापुरतेच तिकीट परवडे.

त्या एका वर्षात, १८४७ मध्ये, सुमारे तीन लाख माणसे लिव्हरपूलच्या धक्क्यांवर उतरली. गुरेमेंढरे जशी आणीत तशीच ही माणसेही उघड्या डेकवर दाटीवाटीने उभी करून आणली जात. १८४८ च्या डिसेंबरात स्लायगोहून निघालेल्या 'लंडनडेरी' नावाच्या आगबोटीत वादळामुळे उतारूंना खालच्या कोठडीत कोंडले, आणि किनारा लागला तेव्हा आत बहात्तर माणसे गुदमरून मेलेली आढळली. जी जिवंत उतरली ती लिव्हरपूलच्या तळघरांत शिरली. १८४७ च्या आरंभी डॉ. विल्यम डंकन हे शहराचे पहिले आरोग्याधिकारी नेमले गेले होते. त्यांच्या कारकिर्दीचे पहिलेच वर्ष टायफसच्या साथीत गेले. रोग्यांच्या उशाशी जाऊन अखेरचे संस्कार करणारे दहा कॅथलिक धर्मगुरू त्या साथीत दगावले. सेंट पॅट्रिकच्या देवळाबाहेर त्यांचे स्मारक आहे. त्यांची नावे दगडावर आहेत. ज्यांच्या उशाशी ते गेले त्यांची नावे शोधावयाची तर ३० मार्च १८५१ च्या खानेसुमारीची पुस्तके उघडावी लागतात.

त्यांतले बाईंच्या पूर्वजांचे पान मी त्यांच्याबरोबर पाहिले. स्कॉटलंड रोडच्या आसपास त्या काळी ज्यांना 'कोर्ट' म्हणत असे अरुंद, कोंदट चौक असत. चारी बाजूंनी पाठीला पाठ लावून बांधलेली घरे, सर्वांत मिळून एक नळ आणि एक शौचकूप. अशा एका घरात कारकुनाने नऊ माणसे टिपली आहेत. कर्ता पुरुष गोदीतला हमाल, वय पस्तीस. त्याची बायको, वय तीस. सात वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा, दोन वर्षांचा मुलगा. आणि चार पोटभाडेकरू, त्यांपैकी एक एकोणीस वर्षांचा तरुण मजूर. शेवटच्या रकान्यात जन्मस्थान. इंग्लंडात जन्मलेल्याचे गाव आणि काउंटी लिहावी, बाहेर जन्मलेल्याचा फक्त देश लिहावा, असा कारकुनांना हुकूम होता. त्यामुळे कर्त्यापुढे 'आयर्लंड' आणि खाली एकामागून एक 'सदर'च्या खुणा. एकदम दोन वर्षांच्या पोरापुढे 'लँकेशायर, लिव्हरपूल'. या दोन खुणांमधल्या फटीत एका कुटुंबाचे देशांतर सामावलेले आहे. पाच वर्षांचे पोर तिकडचे आणि दोन वर्षांचे इकडचे, म्हणजे १८४६ च्या सुमारापासून १८४९ पर्यंत केव्हा तरी ही मंडळी धक्क्यावर उतरली. केव्हा उतरली ते असे मुलांच्या वयांवरून कळते. कोठून निघाली ते मात्र कारकुनाच्या हुकमात बसत नव्हते, म्हणून कळत नाही.

त्या वर्षी लिव्हरपूलमध्ये आयर्लंडात जन्मलेली ८३,८१३ माणसे मोजली गेली. शहराच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. त्यांत एकाच नावाआडनावाची माणसे डझनांनी निघतात, कारण आयरिश शेतकरी पहिल्या मुलाला बापाच्या बापाचे आणि दुसऱ्याला आईच्या बापाचे नाव देई, आणि चार-पाच पिढ्यांनी सारे गाव पॅट्रिक, जॉन आणि मायकेल यांनीच भरून जाई. त्यात आडनावामागचे 'ओ' किंवा 'मॅक' समुद्र ओलांडताना पुष्कळदा गळून पडलेले, आणि अक्षरशत्रू माणसाने उच्चारलेले नाव इंग्रज कारकुनाने आपल्या कानाला रुचेल तसे लिहिलेले. त्यामुळे एकच कुटुंब तीन खानेसुमाऱ्यांत तीन तऱ्हांनी भेटते.

पलीकडच्या किनाऱ्यावरची अवस्था याहून बिकट आहे. आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ या चार खानेसुमाऱ्यांची बाडे डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायमंदिराच्या आवारातील दप्तरखान्यात होती. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभीच, तेथे स्फोट होऊन आग लागली आणि थोडी पाने वगळता ती सारी भस्मसात झाली. १८६१ आणि १८७१ ची बाडे सरकारनेच आकडेमोड संपल्यावर नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेली. हर्बर्ट वुड नावाच्या दप्तरदाराने त्या दप्तरखान्यात काय काय आहे याची विस्तृत सूची आगीपूर्वी तीनच वर्षे, १९१९ मध्ये, छापून काढली होती; त्यामुळे आपण नेमके काय गमावले ते आयरिश माणसाला तपशीलवार वाचता येते. आणि आगीतून जे थोडे वाचले त्याला म्हाताऱ्यांची गरज कारण झाली. १९०९ च्या आरंभापासून सत्तरी गाठलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन मिळू लागले. पण आयर्लंडात सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये, तेव्हा त्याआधी जन्मलेल्याने वयाचा दाखला आणावा कोठून? म्हातारा सांगे, माझे आईबाप अमुक, गाव अमुक, मोजणीच्या रात्री मी दोन वर्षांचा होतो. आणि डब्लिनचा कारकून १८४१ किंवा १८५१ चे बाड उघडून पाही व सापडले-न सापडल्याचा शेरा मारी. बाडे जळाली, शेऱ्यांचे कागद पुष्कळसे उरले.

पण असा कोणताही कागद हाती यावयाचा तर गावाचे नाव प्रथम ठाऊक हवे. आयर्लंडात ज्याला टाउनलँड म्हणतात, जो साधारणतः आपल्या मौज्यासारखा जमिनीचा सर्वांत लहान विभाग, त्याची संख्या साठ हजारांहून अधिक आहे. रिचर्ड ग्रिफिथ यांनी १८४७ ते १८६४ या काळात साऱ्या देशाच्या जमिनींची आणि घरांची आकारणी केली. त्या पुस्तकांत मौजेवार प्रत्येक कुळाचे नाव, जमीनदाराचे नाव, क्षेत्र आणि आकार लिहिलेला आहे, आणि जळालेल्या खानेसुमाऱ्यांची उणीव तीच पुस्तके काही अंशी भरून काढतात. परंतु साठ हजार मौज्यांत एक जॉन शोधणे म्हणजे काय, हे ज्याने शोधले आहे त्यालाच कळेल.

गावाचे नाव स्पष्टपणे विचारणारे एक दप्तर इंग्लंडात होते, आणि तेच सर्वांत निर्दय होते. ज्या गरिबाचा भार पॅरिशवर, म्हणजे स्थानिक धर्मविभागावर, पडे त्याला त्याच्या मूळ ठिकाणी परत धाडण्याचा अधिकार कायद्याने दिला होता. १८४६ पासून सलग पाच वर्षे एकाच पॅरिशमध्ये राहिलेल्याला संरक्षण मिळाले, पण नुकत्याच उतरलेल्या आयरिशाला त्याचा काय उपयोग? १८४७ मध्ये आयरिशांची परत रवानगी अधिकच सुलभ करण्यात आली, आणि त्या वर्षी एकट्या लिव्हरपूलहून सुमारे पंधरा हजार माणसे परत बोटीवर चढविली गेली. त्यापूर्वी चौकशी होई: जन्म कोठला, येथे केव्हा आलास, बायको कोठली, मुले कोठे जन्मली? नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायाच्या वहीपुढे बसलेल्या यात्रेकरूलाही हेच प्रश्न विचारले जातात; परंतु तेथे सांगणारा आनंदाने सांगतो, कारण पुढच्या पिढीने यावे आणि ही ओळ वाचावी अशीच त्याची इच्छा असते. येथे सांगणाऱ्याला एवढे समजत होते की, खरे सांगितले तर आपण उद्या पुन्हा त्या उपाशी किनाऱ्यावर. आज संशोधक असा जबाब सापडला म्हणजे हर्षित होतात, आणि मीही झालो असतो. पण बाईंच्या पूर्वजाने पॅरिशपुढे कधी हात पसरला नव्हता, किंवा पसरला असला तर त्याचा कागद राहिला नाही. वंशजाला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट. शोधाच्या दृष्टीने मात्र त्यामुळे दार बंद झाले.

ते उघडले त्या एकोणीस वर्षांच्या पोटभाडेकऱ्याने. खानेसुमारीच्या कारकुनाच्या लेखी तो कोणाचा कोणी नव्हता. पण कॅथलिक देवळाच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाच्या आईचे माहेरचे आडनाव लिहिण्याची रीत असे, आणि धर्मपिता व धर्ममाता यांची नावेही. लॅटिनमध्ये लिहिलेल्या त्या फिकट ओळीत, दोन वर्षांच्या त्या पोराच्या नावाखाली, आईचे माहेरचे आडनाव आले ते पोटभाडेकऱ्याचेच. आणि धर्मपिता म्हणून उभा राहिला होता तोही तोच. म्हणजे घरात भाडेकरू म्हणून नोंदलेला हा मुलगा घरमालकिणीचा बहुधा धाकटा भाऊ होता. येथून बाईंनी आपल्या खापरपणजोबांचा नाद सोडला आणि या पोराच्या मागे लागल्या.

तो पुढच्याच वर्षी कंपनी सरकारच्या फौजेत भरती झाला होता. त्यात नवल नव्हते. त्या शतकात ब्रिटिश पलटणींत आयरिशांचा भरणा मोठा असे, आणि पोट हेच त्याचे कारण. सैन्याच्या भरतीपत्रकात एक गुण असा की, पळून गेलेल्या शिपायाला त्याच्या गावी जाऊन पकडता यावे म्हणून त्याचे जन्मस्थान काटेकोरपणे टिपलेले असे. त्या भरतीपत्रकात, उंची, डोळ्यांचा रंग आणि मजुरीचा धंदा यांच्या शेजारी, रॉसकॉमन काउंटीतील एका पॅरिशचे नाव अखेर मिळाले. हा तरुण मुंबई इलाख्यात आला आणि पाच वर्षांनी पुण्याच्या छावणीत ज्वराने वारला. पुण्यात आयरिश कॅथलिक शिपायांसाठी १८५० च्या सुमारास बांधलेले देऊळ आजही उभे आहे, आणि त्याचेही नाव सेंट पॅट्रिकच. मी शाळेत असताना त्यावरून कितीदा गेलो असेन. तेथे गुडघे टेकणारे शिपाई कोठून आणि कशामुळे आले हा प्रश्न त्या वयात मला कधी पडला नाही. कंपनीच्या मुंबईच्या गोऱ्या पलटणीचे पुढे 'रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स'मध्ये रूपांतर झाले, आणि ती पलटण मोडली गेली तेही १९२२ मध्येच, ज्या उन्हाळ्यात डब्लिनचे दप्तर जळाले त्याच उन्हाळ्यात.

पॅरिशचे नाव हाती आल्यावर पुढचे काम वेगाने झाले. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक पॅरिशांच्या वह्यांची छायाचित्रे २०१५ पासून सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत. त्या पॅरिशच्या वहीत हमालाचे आणि त्याच्या बायकोचे लग्न सापडले, साक्षीदारांसह. ग्रिफिथच्या आकारणीपर्यंत ते कुटुंब निघून गेले होते, पण दोन्ही आडनावांची घरे लगतच्या मौज्यांत शिल्लक होती. आणि खरी मौज पुढेच होती. साक्षीदारांपैकी एकाचे आडनाव लिव्हरपूलच्या त्या घरातील दुसऱ्या एका पोटभाडेकऱ्याचे होते, तर दुसरीचे आडनाव चौकातील समोरच्या घराचे. आम्ही परकी समजून ओलांडलेली ती माणसे एका वेशीतली होती.

हे काही एकाच चौकाचे नवल नव्हे. मायकेल डेव्हिट, ज्याने पुढे १८७९ मध्ये आयर्लंडात जमीनदारीविरुद्ध लँड लीग उभी केली, त्याचे कुटुंब मेयो काउंटीतील स्ट्रेड गावातून १८५० मध्ये बेदखल झाले. त्यांनी प्रथम वर्कहाउसचा, म्हणजे निर्धनांसाठीच्या सरकारी कामगृहाचा, आश्रय घेतला, पण मुलगे आईपासून वेगळे ठेवण्याचा तेथला नियम कळताच आईने त्याच पावली मुलांना बाहेर काढले, आणि ती मंडळी समुद्र ओलांडून लँकेशायरमधील हॅझलिंग्डन या गिरणगावी जाऊन राहिली. कारण मेयोकडची माणसे तेथे अगोदरच येऊन राहिली होती. अकरा वर्षांच्या मायकेलचा उजवा हात पुढे तेथल्याच एका कापडगिरणीच्या यंत्रात गेला. डेरीत जन्मून लहानपणीच लिव्हरपूलला आलेल्या किटी विल्किन्सनचीही गोष्ट तशीच. १८३२ च्या पटकीच्या साथीत आपल्या घरातील पाणी तापविण्याचे भांडे तिने साऱ्या आळीला खुले केले आणि रोग्यांचे कपडे धुऊन दिले. त्यातून १८४२ मध्ये शहराचे पहिले सार्वजनिक धुलाईघर निघाले. निर्धनांच्या वस्तीत शेजार हीच एक मालमत्ता असते. आणि तिची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

आयर्लंडातून इंग्लंडात आलेले सगळेच असे निष्कांचन नव्हते. ॲनी बेझंट बाईंचा जन्म त्याच दारुण १८४७ सालचा, लंडनमधला. आई आयरिश, वडील अर्धे आयरिश, आणि बाईंनी तो वारसा मोठ्या अभिमानाने मिरविला. १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावास आणि बेझंट बाईंनी मद्रासेस ज्या होमरूल लीगा स्थापन केल्या त्यांचे नावच आयरिशांच्या चळवळीतून उचललेले. सुखवस्तू घराण्यांना आपल्या पूर्वजांची नावे ठाऊक असतात, म्हणून त्यांच्या अभिमानाला आधार असतो. हमालाच्या वंशजाला मात्र अभिमान करावयाचा तरी कोणाचा हेच प्रथम शोधावे लागते. अलीकडे या शोधाला आणखी एक निमित्त मिळाले आहे. आजा किंवा आजी आयर्लंडच्या बेटावर जन्मलेली असेल तर नातवाला नोंदणी करून आयरिश नागरिक होता येते. ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल २०१६ मध्ये दिल्यावर असे अर्ज करणाऱ्यांची रीघ लागली. कायद्याने वंशाचा धागा दोन पिढ्यांवर तोडला आहे, आणि कायद्याला कोठे तरी तोडावाच लागतो. आमच्या बाईंना पाच पिढ्यांमागच्या हमालापासून पारपत्र मिळणार नव्हते, आणि त्यांना ते नकोही होते.

मग त्यांना मिळाले काय? वंशवृक्ष म्हणावा तर तो लहानच राहिला. त्या लग्नाच्या मागे एकही पिढी सरकता आले नाही, कारण वहीत वधूवरांच्या आईबापांची नावेच लिहिलेली नाहीत. पण एका घराण्याच्या उभ्या रेषेऐवजी एक आडवी पसरलेली वस्ती त्यांच्या हाती आली. ब्राउनलो हिलवर जेथे लिव्हरपूलचे अवाढव्य वर्कहाउस होते तेथेच आज कॅथलिकांचे मुख्य देऊळ उभे आहे. नव्या दिल्लीची राजवास्तू उभारणाऱ्या लट्येन्सने त्याचा पहिला आराखडा केला, पण पैशाअभावी त्याचे तळघर तेवढे झाले आणि वरचे देऊळ दुसऱ्या हातांनी १९६७ मध्ये पुरे केले. स्कॉटलंड रोडच्या मतदारसंघाने १८८५ पासून १९२९ पर्यंत टी. पी. ओकॉनर या आयरिश राष्ट्रवाद्याला सलग पार्लमेंटात धाडले, हेही त्याच वस्तीचे कर्तृत्व. या साऱ्याचा पाया कोण्या एका पराक्रमी मूळपुरुषाने घातला नाही. ज्यांनी दुसऱ्याला आपल्या खोलीत अंथरुणापुरती जागा दिली, ज्यांनी दुसऱ्याच्या पोराचा धर्मपिता होण्याचे पत्करले, त्यांनी तो घातला. रक्ताचा शोध घेत निघालेल्याला म्हणूनच अखेर शेजारधर्माचा वृत्तांत हाती लागतो, आणि तो ज्याला कमी प्रतीचा वाटेल त्याने गरिबांचे वंश धुंडाळू नयेत. जो धुंडाळील त्याने, आपले नाव सापडले म्हणून तेवढीच ओळ उतरून घेऊन उठू नये. घरातल्या साऱ्या पोटभाडेकऱ्यांची, वरच्या दहा घरांची आणि खालच्या दहा घरांची नावे उतरून घ्यावीत, कारण त्याचा पूर्वज जगला तो या माणसांच्या आधाराने, आणि सापडला तर तोही त्यांच्याच आधाराने सापडेल.